लेखणीचें वस्त्र

प्रवासास निघणाऱ्या माणसाला कांहीं तरी निमित्त सांगावें लागतें. कोणी तीर्थयात्रेचें सांगतो, कोणी हवापालटाचें. गेल्या फाल्गुनांत मी नंदुरबार जिल्ह्यांत आठ दिवस हिंडून आलों. त्याचें निमित्त विचारणारांस मीं खरें तें सांगितलें, तेव्हां पुष्कळांस हसूं आवरेना. लेखण्यांसाठीं बोरू व बांबू आणावे आणि त्या लेखण्यांस नेसविण्याकरितां चार चिंध्या मिळवाव्या, एवढाच माझा हेतु होता.

चाळीस वर्षें शाळेंत संस्कृत व मराठी शिकविल्यावर निवृत्त झालों, आणि ज्या हातांनीं हजारों कित्ते तपासले ते हात एकाएकीं रिकामे झाले. त्यांस उद्योग हवा म्हणून लेखण्या घडवूं लागलों. वळणदार अक्षरासाठीं बोरू तासावे आणि रोजच्या लिहिण्यासाठीं बांबूची वीतभर कांडी कोरून तींत बाजारांत मिळणारी रिफिल बसवावी, असा हा घरगुती कारखाना. बांबूची पाठ गुळगुळीत असते. उन्हाळ्यांत घामेजलेलीं बोटें तिजवरून घसरतात. म्हणून बोटें टेकतात त्या जागीं मीं प्रथम जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. ती चार दिवसांत मळली, तेव्हां घरांतल्या एका विटलेल्या लुगड्याचा बारीक चौकड्याचा तुकडा घेतला. त्यासरशी लेखणीचें रूपच पालटलें. नातवंडांनीं ती पळविली, शेजारच्या मुलांनीं मागणी घातली, आणि दसऱ्याच्या पाटीपूजनास अशा पंधरा-वीस लेखण्या वाटण्याचा परिपाठ पडला.

एका स्नेह्यांनीं मात्र विचारलें, "गुरुजी, लेखणी ही लिहावयाची वस्तु. तिला नटवावयाचें कशास? अक्षर सुंदर असलें म्हणजे झालें." प्रश्न रास्त होता. घसरणाऱ्या बोटांसाठीं साधी सुतळीही चालली असती. मग हें काठापदराचें कौतुक कशासाठीं? या प्रश्नाचा उलगडा मला त्या आठ दिवसांत झाला, तो वाचकांपुढें ठेवावा म्हणून हा लेख.

नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजीं. तत्पूर्वीं तो धुळें जिल्ह्यांत होता, आणि त्याही आधीं या सर्व मुलखास पश्चिम खानदेश म्हणत. म्हणून नंदुरबारास जावयाचें तें धुळ्यावरून जावें असें ठरविलें. धुळ्यास लेखणीवर प्रेम करणाऱ्या माणसानें पाहावें असें एक स्थान आहे, तें श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर. कै. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठोमठीं हिंडून, अक्षरशः आयुष्य वेंचून, रामदासी संप्रदायाचीं जुनीं बाडें गोळा केलीं, तीं येथें आहेत. समर्थांनीं स्वहस्तें लिहिलेलें वाल्मीकिरामायणही येथेंच जतन केलेलें आहे. त्या अक्षरासमोर उभें राहिलें म्हणजे दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिल्या समासाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. तो सबंध समास लेखनक्रियेस वाहिलेला आहे. अक्षर वाटोळें, मोकळें, ओळीशीं नेमस्त कसें असावें हें सांगून समर्थ तेथें थांबत नाहींत. देशोदेशींचे सरळ, बारीक, रंगारंगाचे बरू जमवावे, शाईचा संग्रह असावा, आणि पोथीसाठीं नाना तऱ्हेचे गोफ, बासनें व शेंदरी रंगाचीं मेणकापडें असावीं, इतक्या बारकाईनें ते सांगतात. अंगावरच्या एका छाटीवर समाधान मानणारे समर्थ पोथीच्या वस्त्रांत मात्र रंगाची निवड करतात, ही गोष्ट माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे असें मला तेथेंच वाटलें.

धुळ्यासच इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ सालच्या अखेरच्या दिवशीं वारले, आणि लगोलग १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें स्थापन झालें. जुन्या कागदांचा शोध घेणाऱ्यांस 'रुमाल' हा शब्द काय आहे हें सांगावयास नको. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद असेच हजारों रुमालांत बांधलेले आहेत. तेथें रुमाल हेंच कागदांच्या मोजणीचें एकक होऊन बसलें. कागद आणि कापड यांची ही सोयरीक आपल्या भाषेंतच मुरलेली आहे. सूत्र म्हणजे दोरा, आणि सूत्र म्हणजे थोडक्यांत सांगितलेला सिद्धान्त. तंत्र म्हणजे माग किंवा मागावरचे उभे धागे, आणि तंत्र म्हणजे शास्त्र. ग्रंथ हा शब्द तर गांठ मारणें, गुंफणें या अर्थाच्या धातूपासून निघाला. गांठ मारली तो ग्रंथ! विणणाराच्या घरून उसनें आणलेल्या शब्दांवर आम्हां लिहिणारांचा संसार चालला आहे.

एक गोष्ट मात्र त्या मंदिरांत मनांत खुपली. पोथीच्या शेवटीं लेखकाचें नांव असतें. शक, तिथि, वार, कोणत्या गांवीं लिहून पुरी झाली हें सर्व असतें. परंतु ज्या बासनानें ती पोथी उन्हापावसांतून आणि वाळवींतून वांचविली, तें कोणीं शिवलें, कोणाच्या लुगड्याचें तें कापड, याचा उल्लेख कोठें सांपडत नाहीं. हा विचार मनांत ठेवूनच मी पुढच्या गाडीस बसलों.

धुळ्याहून दोंडाईच्यावरून एस. टी. नंदुरबारास जाते. गांवाच्या जवळ येतांच एक तिखट दर्प नाकास झोंबतो. मोकळ्या पठारांवर लाल मिरच्या वाळत पसरलेल्या असतात आणि दुरून पाहणाऱ्यास जमिनीवर कोणी अलवान अंथरलें आहे असा भास होतो. हें गांव फार पुराणें आहे. इ. स. १३४२ च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेहून खंबायताकडे जातांना येथें उतरला होता. येथें मराठे लोक राहतात, ते हस्तकौशल्यांत निपुण आहेत आणि त्यांत वैद्य व ज्योतिषी पुष्कळ आहेत, असें त्यानें नमूद करून ठेविलें आहे. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी मार्ग येथून जाई, त्यामुळें खानदेशचा कापूस आणि बऱ्हाणपुरचें कापड यांची ये-जा या गांवास नित्याची होती. सतराव्या शतकांत इंग्रजांनींही येथें वखार घातली होती. पुढें तापी खोऱ्यांतील रेल्वे झाली, ती आजही सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारास थांबते. याच मार्गावरच्या नवापूर स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रांत व दुसरा गुजरातेंत आहे, ही मौज प्रवासी मुद्दाम उतरून पाहतात.

माणिक चौकांत हुतात्म्यांचें स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं शाळकरी मुलांची मिरवणूक येथें आली आणि पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हीं पांच मुलें पडलीं. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. एक काठी आणि तिला बांधलेलें कापड, एवढ्याच साधनानें तो मुलगा बंदुकीपुढें उभा राहिला. मी जन्मभर मास्तरकी केली. त्या वयाचीं मुलें माझ्यासमोर बांकांवर बसत आलीं. स्मारकापाशीं मला फार वेळ उभें राहवलें नाहीं.

चौकापासून जवळच बाजारांत एका शिंप्याच्या दुकानीं कातरणाचें गांठोडें मिळालें. किंमत विचारतां ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, "बाबा, उशींत भरायला लोक नेतात. तुम्ही लेखणीला नेसवणार म्हणतां, तर फुकट न्या." त्या रात्रीं धर्मशाळेच्या ओसरीवर मीं त्या चिंध्या निवडल्या. या निवडीचे कांहीं नियम अनुभवानें ठरले आहेत. ज्या वाचकभगिनींस हा उद्योग घरीं करून पाहावयाचा असेल त्यांच्या सोयीसाठीं ते येथें देतों.

लेखणी ही बोटाएवढी जाड. तिजवर मोठी वेलबुट्टी उमटत नाहीं, तिचें एकादें पान तेवढें दिसतें. म्हणून बारीक ठिपका, बारीक चौकडा, खणावरची लहान बुट्टी किंवा लुगड्याचा अरुंद कांठ घ्यावा. कापड शक्यतों सुती व वापरून मऊ झालेलें असावें. रेशीम देखणें खरें, पण बोटांखालीं निसटतें. कापड कोरें असेल तर प्रथम धुवून त्यांतील खळ काढावी, आणि लाल वा निळा रंग कच्चा नाहीं ना हें ओलें करून पांढऱ्या कपड्यावर दाबून पाहावें. पट्टी सरळ न कापतां उरेब कापावी. उरेब कापड ताणतें आणि गोल वस्तूवर सुरकुती न पडतां बसतें. चोळ्या बेतणाऱ्या गृहिणींस हें मीं सांगावें असें नाहीं.

चिकटविण्यास चिंचोक्याची खळ उत्तम. चिंचोके भाजून साल काढावी, भिजवून बारीक वाटावे आणि मंद आंचेवर शिजवावे. खळींत कीड होऊं नये म्हणून बुकबाइंडर लोक मोरचूद घालतात, परंतु मुलें लेखणीचें टोक चघळतात आणि मोरचूद विषारी. त्याऐवजीं कडुलिंबाचा काढा घालावा. कापड बसून वाळल्यावर चपडा लाख स्पिरिटांत विरघळवून तिचे दोन पातळ हात द्यावे. हाताच्या घामानें कापड मळत नाहीं आणि त्याचा पोत बोटांस लागत राहतो. लाखेचे हात जास्त झाले तर लेखणी कांचेसारखी चकचकीत होते आणि कापडाचा गुण नाहींसा होतो. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, बोरूच्या बाबतींत कापड टोंकापासून दोन बोटें तरी वर असावें. नाहींतर शाई दिव्याच्या वातींतल्या तेलासारखी धाग्यांतून वर चढते आणि बोटें रंगतात.

खळ, कापड आणि लाख यांची ही सांगड कांहीं माझ्या डोक्यांतून निघालेली नाहीं. सावंतवाडीचे गंजिफा करणारे कारागीर कापडावर चिंचोक्याची खळ व खडू यांचे थर देऊन पानें तयार करीत आले, व त्यांवर चित्रें काढून लाखेचें झिलईकाम करीत आले. जपानांत तर याच तत्त्वावर देवांच्या मूर्ति घडविल्या गेल्या. नारा येथील कोफुकुजी मठांतील अशुराची मूर्ति इ. स. ७३४ मधील आहे. तागाच्या जातीच्या कापडाचे थर झाडाच्या चिकानें चिकटवून ती केलेली असून आंतून पोकळ आहे. आजकाल पाश्चात्त्य देशांतील हौशी कारागीर पितळी नळीवर कापड बसवून तें पारदर्शक रेझीनमध्यें ओततात, दाब देऊन हवेचे बुडबुडे घालवितात आणि मग चरकावर कांतून लेखणी करतात. फिकें कापड रेझीनमध्यें भिजल्यावर पारदर्शक होऊन आंतलें पितळ दिसूं लागतें, म्हणून नळीस आधीं पांढरा रंग देतात. तें काम दिसावयास सुरेख, परंतु तेथें कापड कांचेआड बसतें. त्याचा स्पर्श बोटांस होत नाहीं.

हातानें घडविलेल्या लेखणीचें आपल्याकडील मानाचें उदाहरण म्हणजे राजमहेंद्रीच्या रत्नम् यांची झरणी. १९३२ सालीं त्यांनीं देशी झरण्या करण्यास आरंभ केला, आणि १९३५ सालीं महात्मा गांधींनीं वर्ध्याहून त्यांस पत्र लिहून ही झरणी परदेशी झरणीची जागा चांगली घेते अशा अर्थाची पावती दिली. अंगावरचें वस्त्र स्वदेशी झाल्यावर हातांतील लेखणीचा क्रम लागला, तो असा.

दुसऱ्या दिवशीं प्रकाशें गांठलें. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील या क्षेत्रास दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वराचें दर्शन घेऊन घाटावर बसलें म्हणजे समोर तापीचें रुंद पात्र पसरलेलें दिसतें. याच गांवाच्या पांढरींत १९५५ च्या सुमारास पुराणवस्तु खात्यानें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाण युगापासूनची वस्ती थरांमागून थर निघाली. रंगविलेलीं मडकीं निघालीं, मणी निघाले. ज्यांस लिपि ठाऊक नव्हती त्या माणसांनींही मडक्यावर रेघा ओढल्याशिवाय तें वापरलें नाहीं. साध्या गरजेच्या वस्तूस नटविण्याची ही खोड मनुष्यास लेखणीहून फार जुनी आहे, ही गोष्ट माझ्या स्नेह्यांस सांगण्यासाठीं मीं टिपून घेतली.

नदीकांठीं एका कोळ्यानें मला बरू दाखविले. बरू पिकून पिवळट-तपकिरी झालेला, वजनास हलका पण दाबल्यास न चेपणारा असावा. हिरवा तोडला तर वाळतांना चिरतो. कांडी जमिनीवर टाकून आवाज ऐकावा. टणक आवाज देणारी घ्यावी, बद्द वाजणारी टाकावी. पंचवीस कांड्या मिळाल्या, आणि मी तळोद्याच्या रस्त्यास लागलों.

तळोद्यापुढें चांदसैलीचा घाट लागतो. सपाट, काळ्या कापसाच्या जमिनीवरून गाडी एकदम सातपुड्याच्या अंगावर चढूं लागते. फाल्गुन असल्यानें पळस ऐन भरांत होता. मोहाची फुलें गळावयास लागलीं होतीं आणि टोपल्या घेतलेल्या बायका पहाटेपासून झाडांखालीं वांकलेल्या दिसत. घाट ओलांडला कीं अक्राणी तालुका, आणि त्याचें मुख्य ठाणें धडगांव. येथील वस्ती मुख्यतः पावरा व भिल्ल लोकांची. होळीच्या आधींच्या आठवड्यांतील हाट म्हणजे भोंगऱ्या बाजार. डोंगरपाड्यांवरून ढोल घेऊन माणसें उतरतात, आणि होळीसाठीं लागणारें कापड, दागिने, गूळ, डाळ्या यांची खरेदी होते. त्या दिवशीं धडगांवांत मीं जितके रंग पाहिले तितके एका ठिकाणीं पूर्वीं पाहिले नव्हते. गुलाबी, हिरवें, गर्द निळें, त्यांवर चांदीच्या जाड साखळ्या. आमच्या सुसंस्कृत डोळ्यांस जे रंग एकमेकांशेजारीं नकोसे वाटावे ते तेथें उन्हांत इतके शोभत होते, कीं रंगसंगतीविषयींचे आपले नियम खोलींत बसून केलेले आहेत असें वाटलें.

सातपुड्यांत मिळतो तो मानवेल जातीचा बांबू. याच्या बारीक काठ्या जवळजवळ भरीव असतात, म्हणून लेखणीस फार चांगल्या. कापलेल्या काठ्या आठ-पंधरा दिवस वाहत्या पाण्यांत ठेवल्या म्हणजे त्यांतला पिठूळ अंश निघून जातो आणि घुण लागत नाहीं. त्या भागांतील एका पाड्यावरील शाळेंत माझे एक जुने विद्यार्थी शिक्षक आहेत. त्यांनीं माझ्यासाठीं अशा काठ्या आधींच भिजवून वाळवून ठेविल्या होत्या. त्यांच्याकडे मी तीन दिवस राहिलों.

पहिल्या दिवशीं मुलांस लेखणी करून दाखविली. दुसऱ्या दिवशीं शिक्षकांनीं सांगितल्यावरून प्रत्येकानें घरून एकेक चिंधी आणली. शिंप्याचें माझें गांठोडें तसेंच राहिलें, कारण आपापल्या घरची चिंधी सोडून दुसरी कोणी घेईना. तिसावर लेखण्या झाल्या आणि एकीसारखी दुसरी नव्हती. "ही माझी, ती तुझी" असा तंटा ज्या वर्गांत रोज होई तेथें त्या दिवशीं तो झाला नाहीं, असें शिक्षक म्हणाले. परंतु खळ पुरती वाळण्याआधींच मुलांनीं लिहावयास घेतल्यामुळें पट्टीचीं टोंकें उकलूं लागलीं. वरून दोऱ्याचे वेढे देऊन गांठी मारल्या, पण गांठ बोटास टोंचे आणि थोड्या वेळानें सुटे.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं चौथीतल्या एका मुलीची आई शाळेंत आली. आपल्या कापडाचा तुकडा मास्तरांनीं कशासाठीं मागितला हें तिला पाहावयाचें होतें. तिची भाषा पावरी. शिक्षक तिचें बोलणें मला मराठींत सांगत. तिनें मुलीची लेखणी हातांत घेतली, उलटसुलट पाहिली, सुटलेला दोरा काढून टाकला आणि दुसरा मागितला. दोऱ्याच्या एका टोंकाची लांबट अढी करून ती तिनें कांडीवर आडवी धरली. तिच्यावरून वेढ्यास वेढा लावीत आली, उरलेलें टोंक अढींतून ओंवलें आणि दुसरीकडून खेंचलें, तशी ती अढी टोंकासकट वेढ्यांच्या पोटांत शिरली. दोन्ही टोंकें नाहींशीं झालीं. वर गांठ नाहीं, टोंचणें नाहीं. अंगठ्यानें घासून पाहिलें तरी वेढा हालेना. तिचा बाप बाणाचें पातें कांडीला असेंच बांधी, आणि ती लहानपणीं शेजारीं बसून दोरा धरीत असे, असें तिनें सांगितलें.

संस्कृतांत 'शर' म्हणजे बाण, आणि 'शर' म्हणजे बोरूच्या जातीचें सरळ कांडीचें गवतही. त्या गवताच्या कांडीचा बाण करीत म्हणून गवताचें नांव बाणास आलें. हा शब्द मीं चाळीस वर्षें शिकविला. लेखणी आणि बाण एकाच कांडीचे आहेत हें मीं अमरकोशाच्या पाठांत मुलांस सांगतही असें. त्या बाईनें मात्र कोश न उघडतां बाणाची गांठ लेखणीस बांधून दाखविली. तासाभरांत तिनें सर्व मुलांस ती गांठ शिकविली. शिकविण्याची तिची तऱ्हा पाहण्यासारखी होती. ती स्वतः करून दाखवी, मग मुलाचा हात धरून करवी, आणि तिसऱ्या वेळीं नुसती पाहत बसे.

तें झाल्यावर शिक्षकांनीं तिला टेबलापाशीं बोलाविलें. मुलीच्या शिष्यवृत्तीचा कसला तरी अर्ज होता व त्यावर पालकाची सही हवी होती. त्यांनीं शाईचा पॅड उघडून पुढें केला. तिनें मुकाट्यानें डावा अंगठा टेंकला, कागदावर उमटविला, आणि अंगठ्याची निळी शाई डोक्यावरच्या कापडाच्या टोंकास पुसली. जी गांठ आम्हां दोघां मास्तरांस साधली नाहीं ती बांधणारा तोच हात. तीस लेखण्या तिनें पक्क्या करून दिल्या, आणि त्यांतली एकही तिच्या स्वतःच्या उपयोगाची नव्हती.

२०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्राची साक्षरता शेंकडा ८२ भरली, नंदुरबार जिल्ह्याची शेंकडा ६४. राज्यांतील सर्व जिल्ह्यांत ती सर्वांत कमी होती. स्त्रियांचें प्रमाण तर शेंकडा ५६ च्या आसपासच. हे आंकडे मीं पूर्वीं वाचले होते. परंतु आंकडा वाचणें निराळें आणि अंगठा पाहणें निराळें.

यावर डोंगरांतील लोकांची कींव करून आपण मोकळे होऊं, तर तें खरें होणार नाहीं. आमच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती, पण ती घरांतल्या अर्ध्या माणसांच्याच हातांत होती. माझ्या आजीनें शिवलेलीं पोथ्यांचीं बासनें आमच्या घरीं अद्याप आहेत. पोथीचें पान न दुमडतां मावावें अशा बेतानें, चारी कोपऱ्यांस दुहेरी टीप घालून, एका कोपऱ्याला विणलेला गोफ लावून तीं शिवलेलीं आहेत. त्यांत बांधलेल्या पोथींतलें एक अक्षरही तिला वाचतां येत नव्हतें. आजोबांस तें शिकवावें असें वाटलें नाहीं, आणि तिनें तें मागावें अशी सोय नव्हती. ज्या खानदेशांत मी हिंडलों त्याच खानदेशांतील बहिणाबाई चौधरींची गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत आणि जात्यावर त्यांनीं रचलेलें काव्य घरांतल्या मुलांनीं उतरून घेतलें म्हणून राहिलें, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं पुस्तकरूपानें लोकांसमोर आलें. जेथें उतरून घेणारें कोणी नव्हतें अशीं किती घरें असतील!

आतां माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर मला देतां येतें. लेखणीस कापड गुंडाळावयाचें तें केवळ शोभेसाठीं नव्हे. बोटें घसरूं नयेत हा उपयोग आहेच, आणि नटविण्याची मनुष्याची जुनी हौसही आहे. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही, कीं कापड आणि लेखणी हीं दोन हातांचीं कामें आहेत, आणि पुष्कळ काळ त्यांतल्या एका हातास दुसरें मिळूं दिलें गेलें नाहीं. आईच्या लुगड्याचा तुकडा ज्या लेखणीवर आहे ती हातांत धरणाऱ्या मुलीस, आपण कोणाच्या जोरावर लिहीत आहों, याचा विसर पडूं नये.

पोथीच्या समाप्तीस लेखकाचें नांव लिहिण्याची जुनी रीत आहे असें वर आलेंच आहे. ती रीत थोडी वाढविण्याचें आम्हीं त्या शाळेंत ठरविलें. निघण्यापूर्वीं मुलांनीं नव्या लेखण्यांनीं आपापल्या वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहिल्या. पहिल्या ओळींत लेखणी कोणी केली, दुसरींत कापड कोणाचें, तिसरींत गांठ कोणीं शिकविली, आणि चौथींत तिथि व गांव. तिसरी ओळ सर्व वह्यांत एकच होती. चौथीतल्या त्या मुलीनें दुसऱ्या व तिसऱ्या ओळींत एकच नांव लिहिलें. आई दाराशीं उभी होती. मुलीनें वही नेऊन तिला दाखविली आणि बोट ठेवून तें नांव वाचून दाखविलें, एकदां वरचें आणि एकदां खालचें. बाईनें दोन्ही ठिकाणचीं अक्षरें बराच वेळ निरखिलीं, आणि दोन्हीं सारखींच आहेत ना, असें शिक्षकांस विचारलें.